‘क्लेमंट’ नेमकं कुठे वापरायचं: अर्थ, वाक्यातली जागा आणि नेहमीच्या चुका

इंग्रजी-मराठी शब्दकोशात ‘क्लेमंट’समोर बहुधा दोन शब्द सापडतात: सौम्य आणि दयाळू. चुकांची सुरुवात इथूनच होते. मराठीत ‘सौम्य’ हा शब्द हवेला, औषधाला, तापाला, साबणाला, बोलण्याला असा सगळीकडे चालतो, आणि ‘दयाळू’ कोणत्याही भल्या माणसाला म्हणता येतं. इंग्रजीतल्या या विशेषणाची हद्द मात्र फार लहान आहे. ते एक तर हवामानाला लागतं, नाहीतर शिक्षा देण्याचा अधिकार हाती असलेल्या व्यक्तीला. या दोन जागा सोडल्या, तर ते जवळपास कुठेच बसत नाही. खालचे टप्पे त्याच क्रमाने घ्या. उच्चार आणि स्पेलिंग पक्कं होण्याआधी अर्थाकडे वळलात, तर पुढे एका अगदी वेगळ्या शब्दाशी गल्लत होईल.

तयारी

वहीच्या एका पानावर चार इंग्रजी शब्द त्यांच्या स्पेलिंगसह लिहून घ्या:

- क्लेमंट: सी-एल-ई-एम-ई-एन-टी (विशेषण)
- इन्क्लेमंट: आय-एन-सी-एल-ई-एम-ई-एन-टी (विरुद्धार्थी विशेषण)
- क्लेमन्सी: सी-एल-ई-एम-ई-एन-सी-वाय (नाम)
- इन्क्लेमन्सी: आय-एन-सी-एल-ई-एम-ई-एन-सी-वाय (नाम)

जवळ एखादा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश ठेवा, आणि त्यात उदाहरणवाक्यं हवीत. नुसता प्रतिशब्द देणारा कोश या शब्दासाठी पुरत नाही, कारण हा शब्द कोणत्या नामांसोबत येतो हे त्यातून कळत नाही.

टप्पा १: उच्चार आणि स्पेलिंग

देवनागरीत ‘क्लेमंट’ लिहिलं की डोळ्यांना एकच शब्द दिसतो, पण इंग्रजीत तसे दोन आहेत. पहिला आपला सौम्य-दयाळू अर्थाचा. दुसरा सी-एल-ए-आय-एम-ए-एन-टी, म्हणजे दावा करणारा, दावेदार. विम्याच्या कागदांत आणि कोर्टाच्या कामकाजात हा दुसरा शब्द वरचेवर भेटतो. मराठीत दोन्ही सारखेच लिहिले जातात, म्हणून गोंधळ होतो आणि तो उच्चारातही उतरतो.

आपल्या शब्दातला ‘क्ले’ ऱ्हस्व आहे. ‘लेमन’ हा फळाचा शब्द इंग्रजीत जसा म्हणतात तसा म्हणा, त्याच्या आधी ‘क्’ आणि शेवटी ‘ट’ जोडा: क्-लेमन-ट. उच्चार बरोबर येतो. आघात पहिल्या अवयवावर. दुसरा अवयव अगदी हलका, जवळजवळ ‘मन्ट’. ‘मेंट’ असा ताणून म्हणू नका. दावेदाराच्या शब्दात ‘क्ले’ लांब आहे, चिखलमातीच्या इंग्रजी शब्दातल्यासारखा.

‘इन्क्लेमंट’मध्ये आघात सरकून ‘क्ले’वर जातो, सुरुवातीच्या ‘इन्’वर नाही. ‘क्लेमन्सी’त तो पुन्हा पहिल्या अवयवावर येतो.

*तपासणी:* लिहून झाल्यावर शब्दात ‘ए’ हे इंग्रजी अक्षर, म्हणजे वर्णमालेतलं पहिलं, शोधा. या घराण्यातल्या चारही शब्दांत ते एकदाही येत नाही. दिसलं तर तीनपैकी एक चूक झालेली आहे: शेवट ‘ए-एन-टी’ केलात, दावेदाराचा शब्द लिहिलात, किंवा ‘इन्क्लेमंट’ऐवजी ‘इन्क्लायमेट’ असं काहीतरी झालं. तिसरी चूक इंग्रजी मातृभाषा असलेले लोकही करतात, कारण हवामानाचा विषय निघाला की ‘क्लायमेट’ आपोआप हाताशी येतो. तसा शब्द प्रमाण इंग्रजीत नाही.

*इशारा:* दावेदाराचा शब्द स्वतः अचूक असल्यामुळे संगणकाचा स्पेलिंग तपासनीस त्याखाली लाल रेघ ओढणार नाही. बोलून मजकूर टाइप करत असाल तर ही जागा डोळ्यांनीच तपासा.

टप्पा २: आधी नाम पाहा, मग अर्थ ठरवा

वाक्यात हा शब्द दिसला की थेट अर्थ आठवायला जाऊ नका. तो कोणत्या नामाचं विशेषण आहे ते शोधा. नाम वेदर, क्लायमेट, कंडिशन्स, विंटर, सीझन, डे, ईव्हनिंग यांपैकी किंवा यांच्या जवळचं असेल, तर हवामानाचा अर्थ. नाम जज, किंग, रूलर, कॉन्करर, गॉड असं असेल, तर दयेचा अर्थ. मूड किंवा ॲटिट्यूड आलं, तर तो मूड कोणाचा हे पाहा. बहुधा न्यायाधीश, राज्यकर्ता किंवा अधिकारी सापडेल.

नाम लगेच जवळच असेल असं नाही. ‘द जज, नॉर्मली सिव्हिअर, वॉज क्लेमंट दॅट डे’ या वाक्यात शेवटी दिवसाचा उल्लेख आहे, म्हणून घाईत वाचणारा ‘त्या दिवशी हवा छान होती’ असा अर्थ काढतो. विशेषण दिवसाचं नाही, न्यायाधीशाचं आहे.

सोबत ‘क्लेमंट’चं पहिलं अक्षर मोठं असेल आणि वाक्याची सुरुवात नसेल, तर ते विशेषनाम आहे. १९४५ ते १९५१ या काळातले ब्रिटनचे पंतप्रधान क्लेमंट ॲटली यांच्या नावात हाच शब्द आहे, आणि अनेक पोपनीही हे नाव घेतलं होतं. अशा ठिकाणी भाषांतर करायचं नाही.

टप्पा ३: हवामानाचा अर्थ

इथे ‘क्लेमंट’ म्हणजे त्रास न देणारं, टोकाला न गेलेलं. कडाक्याची थंडी नाही, वादळ नाही, झोडपणारा पाऊस नाही. सुखद असलंच पाहिजे असं बंधन नाही, आणि बरेच जण इथे एक पायरी पुढे जातात. ‘आल्हाददायक’ हा प्रतिशब्द कोशात मिळाला तरी जपून वापरा. अंगाला ऊबदार, मऊ वाटणाऱ्या हवेसाठी इंग्रजीत ‘बामी’ आहे. ‘क्लेमंट’ एवढंच सांगतो की हवेने छळलं नाही.

आणखी एक बारकावा: या शब्दातून तापमानाची दिशा कळत नाही. ‘अ क्लेमंट विंटर’ म्हणजे नेहमीपेक्षा कमी थंडीचा हिवाळा. रखरखीत प्रदेशाबद्दल लिहिताना मात्र ‘अ मोर क्लेमंट सीझन’ म्हणजे कमी तापलेला काळ. टोक कोणतं होतं हे संदर्भातून घ्यायचं आणि त्या टोकापासून अंतर सांगायला हा शब्द वापरायचा.

नैसर्गिक वाटणाऱ्या काही रचना:

- ‘द वेदर वॉज अन्युज्वली क्लेमंट फॉर जॅन्युअरी.’ जानेवारीच्या मानाने हवा बरीच सौम्य होती. इथला ‘फॉर’ लक्षात ठेवा. ऋतूच्या किंवा महिन्याच्या मानाने, असं म्हणताना तोच येतो.
- ‘दे वेटेड फॉर मोर क्लेमंट कंडिशन्स बिफोर क्लाइंबिंग.’ चढाईआधी हवामान निवळण्याची त्यांनी वाट पाहिली.
- ‘द बर्ड्स फ्लाय टू मोर क्लेमंट क्लाइम्स.’ पक्षी सौम्य हवामानाच्या प्रदेशात जातात. ‘क्लाइम्स’सोबतची ही जोडी इंग्रजीत चांगलीच रुळलेली आहे.

न चालणाऱ्या जोड्या: पाऊस, वादळ, समुद्राचं पाणी, वाऱ्याची झुळूक. झुळकेला ‘जेंटल’, रिमझिम पावसाला ‘लाइट’. ‘क्लेमंट’ हा एकूण हवेचा किंवा काळाचा गुण आहे, एकेका थेंबाचा किंवा झुळकेचा नाही.

भूगोलातल्या समशीतोष्ण पट्ट्याला ‘क्लेमंट झोन’ म्हणू नका. २३.५ ते ६६.५ अक्षांशांमधल्या त्या पट्ट्याला ठरलेली संज्ञा ‘टेम्परेट’ आहे, आणि पारिभाषिक संज्ञेच्या जागी समानार्थी शब्द बसवता येत नाही.

टप्पा ४: दयेचा अर्थ

सर्वाधिक चुका याच टप्प्यावर होतात, म्हणून इथे थांबून वाचा. माणसाला ‘क्लेमंट’ म्हणण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा, याच क्रमाने:

१. समोरच्याला शिक्षा करण्याचा, दंड ठोठावण्याचा किंवा सूड घेण्याचा अधिकार वा ताकद या व्यक्तीकडे आहे का?
२. समोरच्याकडून चूक, गुन्हा किंवा बंड घडलं आहे का? निदान तसा आरोप आहे का?
३. हाती ताकद असूनही या व्यक्तीने हात आखडता घेतला का?

तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच हा शब्द. जिंकलेल्या शहरातल्या लोकांना न मारता सोडून देणारा राजा ‘क्लेमंट’. रस्त्यात पडलेल्याला पाणी देणारी बाई ‘काइंड’ किंवा ‘कम्पॅशनेट’, कारण पहिल्याच प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ आहे. भांडण विसरून पुन्हा बोलायला लागलेला मित्र ‘फरगिव्हिंग’. तो दुखावला गेला होता, पण शिक्षा देण्याच्या जागी तो नव्हता. रोग्याशी हळुवार वागणारी परिचारिका ‘जेंटल’. इथे चूकच घडलेली नाही. शाळेतली शिक्षिका नुसती प्रेमळ असेल तर हा शब्द नको. कॉपी पकडल्यावर तिने विद्यार्थ्याला परीक्षेतून बाद करण्याऐवजी फक्त ताकीद दिली, तर मात्र ‘शी वॉज क्लेमंट’ चालतं, थोडं भारदस्त वाटलं तरी.

कोणाबद्दल दया हे सांगायचं असेल तर ‘टू’ किंवा ‘टुवर्ड्‌स’ घ्या: ‘द क्वीन वॉज क्लेमंट टुवर्ड्‌स द रेबल्स.’ बंडखोरांबाबत राणीने दया दाखवली. मराठीतल्या ‘वर दया केली’ या रचनेमुळे ‘ऑन’ घालण्याचा मोह होतो. तो इंग्रजीत ‘हॅव मर्सी ऑन’मध्ये शोभतो, या विशेषणासोबत नाही.

*तपासणी:* वाक्यातल्या व्यक्तीच्या हातून अधिकार काढून घ्या आणि वाक्य पुन्हा वाचा. तरीही अर्थ तसाच राहत असेल, तर तुम्हाला दुसरा शब्द हवा आहे.

टप्पा ५: शेजारचे शब्द वेगळे करा

*लीनियंट.* ‘क्लेमंट’शी सर्वांत जास्त गल्लत याचीच होते. लीनियंट म्हणजे नियमांत वा शिक्षेत ढिलाई देणारा. तो स्तुती असू शकतो, तक्रारही. ‘टू लीनियंट’, म्हणजे फारच नरमाईचा, अशी टीका सर्रास होते. ‘क्लेमंट’मध्ये मनाचा मोठेपणा गृहीत आहे, त्यामुळे ‘टू क्लेमंट’ कानाला खटकतं. शिवाय शिक्षेला स्वतःला विशेषण लावायचं असेल, म्हणजे ‘सौम्य शिक्षा’ म्हणायचं असेल, तर ‘लीनियंट सेंटेन्स’ हीच नेहमीची जोडी. ‘क्लेमंट’ शिक्षेपेक्षा शिक्षा देणाऱ्याला अधिक शोभतो.

*मर्सिफुल.* याचा पसारा मोठा आहे. अधिकाऱ्याची दया यात येते, पण वेदनेतून सुटका करणारं मरण किंवा लवकर आटोपलेलं कंटाळवाणं भाषण यांनाही हा लागतो. ‘मर्सिफुली शॉर्ट’ म्हणता येतं. तिथे ‘क्लेमंट’चं कोणतंही रूप बसत नाही.

*माइल्ड.* हवेपुरता हा ‘क्लेमंट’चा रोजच्या बोलण्यातला जोडीदार. ताप, खोकला, साबण, चव, औषधाचा परिणाम या सगळ्यांना ‘माइल्ड’च. ‘क्लेमंट फीव्हर’ लिहिलं तर वाचणाऱ्याला काहीच बोध होणार नाही.

*टॉलरंट.* न पटणारी मतं वा वागणूक चालवून घेणारा. यात शिक्षा माफ करण्याचा संबंध नाही.

समानार्थी शब्दाचा प्रश्न परीक्षेत आला आणि पर्यायांत ‘माइल्ड’ व ‘मर्सिफुल’ दोन्ही असले, तर दिलेलं वाक्य टप्पा २ प्रमाणे वाचा. वाक्याशिवाय दोन्ही उत्तरं बरोबर आहेत.

टप्पा ६: व्याकरण

फार काही नाही. शब्द नामाआधीही येतो, क्रियापदानंतरही. तुलना ‘मोर’ आणि ‘मोस्ट’ने करायची, ‘क्लेमंटर’ असं रूप करू नका. उपपद ‘अ क्लेमंट’, पण ‘अ‍ॅन इन्क्लेमंट’. क्रियाविशेषण ‘क्लेमंटली’ कोशात आहे, वापरात फारसं नाही. त्याऐवजी ‘विथ क्लेमन्सी’ लिहा.

*इशारा:* हा शब्द औपचारिक आहे. गप्पांमध्ये ‘क्लेमंट वेदर’ म्हटलं तर चूक ठरत नाही, पण बोलणं पुस्तकी वाटतं. तिथे ‘माइल्ड’ किंवा ‘नाइस’ पुरे.

टप्पा ७: ‘इन्क्लेमंट’

गंमत अशी की मूळ शब्दापेक्षा हा नकारार्थी शब्दच जास्त भेटतो. ‘ड्यू टू इन्क्लेमंट वेदर’ हे चार शब्दांचं ठरीव पदबंध आहे: सामना रद्द, विमान उशिरा, शाळा बंद, बांधकाम थांबलं, अशा सूचनांमध्ये ते येतं.

इथे तीन चुका टाळा. पहिली, याचं भाषांतर ‘लहरी हवामान’ असं करणं. हवा बदलते आहे असा अर्थ यात नाही. ती वाईट आहे, थंड, ओली वा वादळी आहे, एवढंच. ‘खराब हवामान’ किंवा ‘प्रतिकूल हवामान’ योग्य. दुसरी, नुसत्या कडक उन्हाच्या दिवसाला हा शब्द लावणं; तिथे उष्णतेचा थेट उल्लेख करा. तिसरी चूक विरुद्धार्थी शब्द जोडताना होते. निर्दय माणसाला ‘इन्क्लेमंट’ म्हणण्याची रीत जुनी झाली आहे. म्हणजे ‘क्लेमंट’ला विरुद्धार्थी शब्द दोन वेगळे ठेवावे लागतात: हवामानात ‘इन्क्लेमंट’, माणसांत ‘मर्सिलेस’ किंवा ‘हार्श’. ‘अन्क्लेमंट’ हे रूप प्रमाण लेखनात वापरू नका.

टप्पा ८: ‘क्लेमन्सी’

नामात तोल उलटा होतो. ‘क्लेमन्सी’ म्हटलं की आज बहुतेक वेळा दयाच डोळ्यांसमोर येते, आणि तीही कायद्यातली. हवेच्या सौम्यपणासाठी हे नाम कोशात आहे, पण आता जुनाट वाटतं. ‘इन्क्लेमन्सी’ मात्र हवामानासाठीच राहिलं आहे.

सोबतची क्रियापदं पाठ करा, कारण चूक तिथेच होते: दया दाखवणे ‘शो’, दया मंजूर करणे ‘ग्रँट’, दयेची याचना करणे ‘प्लीड फॉर’ किंवा ‘अपील फॉर’. हे नाम मोजता येत नाही, त्यामुळे ‘अ क्लेमन्सी’ किंवा अनेकवचन नको.

कायद्याच्या बातम्या वाचताना हा शब्द छत्रीसारखा आहे हे ध्यानात ठेवा. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष किंवा राज्याचे गव्हर्नर यांच्या ‘क्लेमन्सी’च्या अधिकारात वेगवेगळे प्रकार येतात: ‘पार्डन’ म्हणजे गुन्ह्याची माफी, ‘कम्युटेशन’ म्हणजे शिक्षा कमी करणं, ‘रिप्रीव्ह’ म्हणजे शिक्षेची अंमलबजावणी काही काळ पुढे ढकलणं. त्यामुळे ‘क्लेमन्सी मिळाली’ एवढ्यावरून ‘कैदी सुटला’ असं लिहू नका. जन्मठेपेची शिक्षा वीस वर्षांवर आली, तरी तीही क्लेमन्सीच. ‘निर्दोष सुटका’ तर मुळीच नाही. निर्दोष ठरवणं हे न्यायालयाचं काम, आणि त्याला ‘अक्विटल’ म्हणतात. भारतातल्या बातम्यांत याच प्रक्रियेसाठी ‘मर्सी पिटिशन’ जास्त दिसतं. मराठीत दोन्हींना ‘दयेचा अर्ज’ हा रुळलेला शब्द आहे.

टप्पा ९: मराठीत आणताना

हवामानासाठी ‘सौम्य’ चालतं, पण दरवेळी तेच घालू नका. ‘बेताची थंडी’, ‘बेताचं ऊन’, ‘हवा निवळली’ यांतलं एखादं बहुधा जास्त नेमकं बसतं. ‘दयाळू हवामान’ कधीही नको. माणसासाठी ‘दयाळू’पेक्षा ‘क्षमाशील’ जवळचं आहे, कारण चूक आणि माफी दोन्ही त्यात येतात. अधिकाराचा भाग मराठी विशेषणात नसतो, तो वाक्यात उभा करावा लागतो: ‘राजाने बंडखोरांना जिवंत सोडलं’ हे कधीकधी ‘राजा क्षमाशील होता’पेक्षा मूळ अर्थाला जास्त धरून असतं.

सराव

उत्तर झाकून आधी स्वतः दुरुस्त करा.

- ‘धिस सोप इज क्लेमंट ऑन द स्किन.’ चूक. ‘माइल्ड’ किंवा ‘जेंटल’.
- ‘माय नेबर इज क्लेमंट, शी फीड्‌स स्ट्रे कॅट्स.’ चूक. चूकही नाही, शिक्षाही नाही. ‘काइंड’.
- ‘द मॅच वॉज पोस्टपोन्ड ड्यू टू अन्क्लेमंट वेदर.’ ‘इन्क्लेमंट’ करा.
- ‘द जनरल वॉज क्लेमंट ऑन द प्रिझनर्स.’ शब्द बरोबर, ‘ऑन’ चूक. ‘टुवर्ड्‌स’.
- ‘क्रिटिक्स सेड द पनिशमेंट वॉज टू क्लेमंट.’ टीका आहे आणि विशेषण शिक्षेला लागलं आहे. दोन्ही कारणांनी ‘लीनियंट’.
- ‘द गव्हर्नर ग्रँटेड अ क्लेमन्सी.’ ‘अ’ काढून टाका. कैदी सुटला की शिक्षा कमी झाली, हे पुढच्या वाक्यात शोधा.